दातेरी कडेची तिकिटं

मंगळवार, ३ तारीख

हाताची बाई येऊन गेली. व्यायाम शिकवणारी डॉक्टर आहे ती, पण ह्यांचा उजवा हात सोडला तर बाकी माणसाकडे बघतही नाही, म्हणून मी तिला हाताची बाई म्हणते. तिने ह्यांच्या मुठीत पिवळा चेंडू ठेवला आणि म्हणाली, "दाबा आजोबा." चेंडू घरंगळत पलंगाखाली. काढला, ठेवला, परत पलंगाखाली. शेवटी तीही वाकायची थांबली आणि मीही.

मग मला बाजूला घेतलं. "आजी, धरणं एक आणि सोडणं दुसरं. बोटांना दोन्ही आपलं आपण यायला हवं. मी चोवीस तारखेला येते. तोवर काहीच दिसलं नाही, तर उजव्याचा नाद सोडू आणि डाव्यालाच सगळं शिकवू."

जाताना म्हणाली, हाताने रोज काय केलं ते लिहून ठेवा. सुनेने कोरी वही दिली. माझं शिक्षण चौथी, तीही पुरी नाही. तरी लिहिते.

आज हाताने काही केलं नाही. जिभेनेही नाही. अर्धांगाचा झटका आल्यापासून हे एकच बोलतात, "हं." होकाराला हं आणि नकारालाही हं. खरं सांगायचं तर आधीही फार वेगळं नव्हतं.

शुक्रवार, ६ तारीख

मधले दोन दिवस लिहिण्यासारखं काही झालं नाही. चेंडू पलंगाखाली, मी चेंडूमागे.

आज दुपारी भांडी पुसत होते तर आतून ठक. थांबून ठक. परत ठक. वाटलं, हे पडले. धावत गेले तर हे खुर्चीत ताठ बसलेले, डाव्या हातात पाण्याचा पेला उपडा धरलेला, आणि तो टेबलावर आपटतायत. आधी बाजूला हलकेच टेकवायचा, मग समोर जोरात. बाजूला हलके, समोर जोरात. सगळ्या टेबलभर पाणी.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ही चाल मला ठाऊक आहे. हे टपाल कचेरीत तिकिटांवर शिक्के मारायचे, जन्मभर तेवढंच केलं. आधी शाईच्या गादीवर, मग तिकिटावर. दुसरी कुठली हौस नाही, नाद नाही. मी नेहमी म्हणायचे, घोड्याची नाल ठोकणाऱ्याशी लग्न केलं असतं तर निदान घोडा तरी बघायला मिळाला असता.

पेला काढून उजव्या हातात दिला. पडला.

पण आता माझ्या डोक्यात ते बसलंय. संध्याकाळपासून खोलीत येरझाऱ्या घालतेय. मुलगा म्हणाला, "आई, बस ना जरा." म्हटलं, तू बस माझ्या वाटचा.

सोमवार, ९ तारीख

कोपऱ्यावरच्या शिक्केवाल्याकडून गोल शिक्का करून आणला, सोबत शाईची गादी. लाकडी मूठ, मध्ये तारखेच्या फिरत्या पट्ट्या. शिक्केवाल्याने विचारलं, "वर नाव कुठल्या कंपनीचं?" म्हटलं, कंपनी नाही, नवरा आहे. नुसता गोल काढ.

मूठ हातात राहीना, म्हणून जुन्या चादरीची पट्टी फाडून बोटांभोवती बांधली. समोर खाकी पाकीट ठेवलं. पाकिटावर पत्ता मी घातला, आमच्याच घराचा, मला दुसरा तोंडपाठ नाही. ह्यांनी पाकिटाकडे पाहिलं. मग डाव्या बोटाने उजव्या वरच्या कोपऱ्यावर टकटक केलं. तिकीट कुठाय? तिकिटाशिवाय शिक्का मारणार नाहीत. माणूस अर्धा गेला पण कचेरी आहे तशीच.

खणातल्या जुन्या पत्रांची तिकिटं पाण्यात भिजवून सोडवली, वाळवली, चिकटवली. ह्यांनी एकेक डोळ्यांशी नेलं आणि पाकीट सरकवून दिलं. त्यांच्यावर आधीच शिक्का बसलेला.

मग टपाल कचेरीत जाऊन आले. खिडकीतली पोरगी म्हणाली, "तिकिटं संपलीत आजी, मागवलीयत. आता यंत्रातून पट्टी निघते, ती चिकटवतो." पट्टी दाखवली. पांढरी, काळ्या रेघांची. औषधाच्या बाटलीवर असते तशी. ह्यांना ती दाखवली असती तर उरलेली बाजूही गेली असती.

मंगळवार, १० तारीख

सून घरात बसून कॉम्प्युटरवर दुकानांची पत्रकं करते. सध्या एका नळवाल्याचं चाललंय, पडद्यावर दिवसभर नळ. तिला तिकिटाचं सांगितलं.

"एवढंच ना आई? मी देते करून पाच मिनिटांत."

"तू तुझे नळ बघ. मला शिकव."

"तुम्हाला?"

"का? मला डोळे नाहीत की बोटं नाहीत? घरात एकाचीच गेलीयत."

हसली. माझी सून हसते तेव्हा बरी दिसते. बाकी वेळ पडद्याकडे बघून कपाळाला आठ्या.

म्हणाली, कुठलाही एक फोटो घ्या. कॉम्प्युटरच्या आत माझाच होता, ओळखपत्रासाठी काढलेला. त्यात मी आत्ताच काहीतरी चोरून पदराखाली लपवल्यासारखी दिसते. म्हटलं हाच घे, ह्यांना ओळखीचा तरी आहे.

मग सांगितलं, इथे सगळं थरांचं असतं. पलंगावर एकावर एक चादरी घालाव्यात तसे थर. खालच्या थरावर पांढरा चौकोन, वरच्यावर मी, चौकोनापेक्षा जराशी लहान, म्हणजे चारी बाजूंनी पांढरी किनार सुटते. झालं तिकीट. छापलं, चिकटवलं, ह्यांच्यापुढे ठेवलं.

ह्यांनी ते नखाने सोलून काढलं.

बुधवार, ११ तारीख

दात नव्हते. मला रात्री अंथरुणात कळलं. तिकिटाला कडेने दात असतात, नाहीतर तो नुसता फोटो.

सकाळी सुनेच्या आधी जाऊन कॉम्प्युटरपुढे बसले. ती चहा घेऊन आली ती दारातच थबकली. तिला म्हटलं, दात कसे काढायचे ते सांग आणि मग हस.

दात काढायचे नसतात, भोकं पाडायची असतात. गोल खोडरबर घ्यायचा. एरवी तो ओढला की सलग पुसत जातो, पण त्याच्या ठिपक्यांमधलं अंतर वाढवून ठेवलं की थांबून थांबून पुसतो, एक गोल, थोडी जागा, परत एक गोल. तो बरोबर कडेवरून ओढायचा. निम्मा गोल बाहेर पडतो, निम्मा किनारीचा घास घेतो. मध्ये उरतं तो दात. हात सरळ राहण्यासाठी एक बटण दाबून धरायचं. डाव्या हाताने बटण, उजव्याने उंदीर.

मी ओढला. सुरेख गोल पडले. सून म्हणाली, "आई, थर बघा."

मी वरच्या चादरीवर होते. माझाच कान कुरतडला होता, अख्ख्या गालाला दात. सुनेला हसू आवरेना. मागे घ्यायचं बटण दाखवलं. दाबलं की कान परत. असं एक बटण ह्यांच्यासाठी कुणी केलेलं नाही.

शनिवार, १४ तारीख

दोन दिवस नुसते कोपरे. वरची भोकं आणि बाजूची भोकं कोपऱ्यावर जुळत नाहीत, एक दात जाडा निघतो नाहीतर निघतच नाही. चौकोन जरासा लहान केला, परत मोठा केला. दुपारची झोप गेली, मान धरली. काल जेवता जेवता उठून गेले, तर मुलगा म्हणाला, "बाबांना कशाला त्रास देतेस? त्यांना राहू दे ना शांत." शांत राहू दे म्हणे. टेबलही शांत राहतं.

शेवटी जमलं. चारी कोपऱ्यांना एकेक भोक, नेमकं. मग छापलं तर दात गायब. पांढऱ्या कागदावर पांढरे दात, दिसणार कुठे? म्हणून छापखान्याचं यंत्र उघडून त्यात खाकी पाकीटच घातलं. तर नुसती मी आले, किनार नाहीच. सून म्हणाली, "आई, पांढरी शाई नसते. पांढरं दिसतं ते कागदाचं असतं." आधी सांगायला हिची जीभ कुणी बांधली होती?

मग आम्ही दोघींनी मिळून युक्ती काढली. पाकिटाचा तुकडा यंत्राने वाचून त्याचा खाकी रंग उचलला, आणि तिकिटाच्या बाहेर सगळीकडे तो भरला. पांढऱ्या चिकट कागदावर छापलं, सरळ कापलं, पाकिटावर लावलं. दूर धरलं तर खरं तिकीट. सून म्हणाली, "अय्या." मुलगा बघून म्हणाला, "हे तू केलंस?" म्हटलं, नाही, शेजारीण येऊन करून गेली.

ह्यांच्यापुढे ठेवलं. हे बराच वेळ बघत बसले. डाव्या अंगठ्याने कड चाचपली, कड सपाट लागली, माझ्याकडे पाहिलं. पण सोललं नाही. पट्टी बांधली, हाताखाली गादी दिली. हात गादीवर टेकला. वर उचलला. आला तिकिटापर्यंत, आणि थांबला. पाकिटावर शाईचा थेंब पडला, तिकिटावर नाही.

"मारा ना," मी म्हटलं.

"हं."

"हं काय? मारा!"

हात खाली ठेवला. पाकीट डाव्या हाताने अलगद बाजूला सरकवलं.

काहीतरी चुकतंय. किंमत घालायची राहिलीय. तिकिटावर किंमत असते.

मंगळवार, १७ तारीख

किंमत घातली. नाही मारला. सावली घातली, तिकीट वर उचलल्यासारखं दिसतं. नाही मारला. फोटो जुनाट तपकिरी केला. त्यात मी मेल्यासारखी दिसायला लागले, मारलाच नाही, उलट तोंड फिरवलं. तारीख कालची राहिली असेल म्हणून पट्ट्या फिरवायला दिल्या. डाव्या अंगठ्याने बरोबर आजची लावली. आणि नाही मारला.

आता मला राग आलाय. एवढे डोळे फोडून केलं आणि ह्यांचा हात अडतो. जन्मभर कुणाकुणाच्या, कुठल्या कुठल्या तिकिटांवर दणादण मारलेत, आणि घरचं आलं की जमत नाही.

सून म्हणाली, "आई, एकदा दुसरा कुणाचा फोटो लावून बघू या का?"

"का? माझ्या तोंडाला काय झालं?"

ती ह्यांच्याकडे बघून हसली. हेही हसल्यासारखे वाटले, ओठाची एकच बाजू हलते त्यामुळे कळत नाही. दोघांनी मिळून माझी चेष्टा चालवली असेल तर मला सांगा, मी बाहेर जाते. असं म्हणून मी बाहेर गेलेच. रस्त्याच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. करायचं काय होतं तिथे?

हाताने: काही नाही.

बुधवार, १८ तारीख

चादर बदलायला गादी उचलली तर खाली माझ्या तिकिटाची चार-पाच पाकिटं. रद्दी समजून कोंबलेली, दुसरं काय. चुरगळलीही होती, म्हणून केरात टाकली. त्यावरून ह्यांनी दिवसभर तोंड फुगवलं, दुपारी जेवले नाहीत. फोनवर हाताच्या बाईला सांगितलं तर म्हणाली, "या आजारात स्वभाव असा होतो आजी, मनाला लावून घेऊ नका." मी कशाला लावून घेऊ?

केराची टोपली ह्यांनी डाव्या हाताने उलथी केली. सगळा केर मी परत भरला.

गुरुवार, १९ तारीख

मारला!

झालं असं. सून तिच्या नळवाल्याचं काम करत होती, आणि माझी तिकिटाची फाईल उघडीच होती. तिने गंमत म्हणून, नाहीतर चुकून, माझ्या थरावर नळाचा थर टाकला आणि पानभर छापलं. ती म्हणते चुकून. माझ्याच किनारी, माझेच दात, आत मी नाही, पितळी नळ. वाया कशाला घालवायची म्हणून लावली पाकिटांवर आणि ठेवली पुढे.

ह्यांनी बघितलंसुद्धा नाही धड. गादीवर टेक, तिकिटावर ठक. टेक, ठक. खांद्यापासून हात आला. सगळ्या नळांवर शिक्के, निम्मा तिकिटावर, निम्मा पाकिटावर, जसा बसायला हवा तसा.

मला आता कळलं काय चुकत होतं. माझा फोटो काळपट आहे, त्यावर काळी शाई दिसली नसती. नळ पिवळा आहे. एवढं साधं माझ्या लक्षात आलं नाही. सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "हो आई, शाईचंच असणार," आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

मग मला थांबवेना. किटली केली. छत्री केली. माझ्या भावाचा एक फोटो आहे, गोरा आहे तो, शाई चांगली दिसेल, म्हणून तो केला. त्याच्यावर ह्यांनी दोनदा मारला. दुसरा अगदी कपाळाच्या मधोमध.

हाताने: शिक्के मारले. पण पट्टी बांधून. पट्टी सोडली की मूठ गळून पडते, बोटं तशीच मिटलेली. धरणं नाही आणि सोडणं नाही. ती बाई पट्टी बघून काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येतंय.

शनिवार, २१ तारीख

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर नाही.

मी कॉम्प्युटरपाशी होते, घड्याळाचं तिकीट चाललं होतं, गोल चित्राला चौकोनी किनार कशी पुरवायची त्यात अडकले होते. मागे वळून बघते तर खुर्ची रिकामी. पट्टी सोडलेली, खाली पडलेली. पाकिटांचा गठ्ठा नाही. दार उघडं.

झटका आल्यापासून हे जिना एकट्याने उतरलेले नाहीत. मी पायात काही न घालता खाली. खालच्या दुकानातल्या शिंप्याला विचारलं, "ह्यांना पाहिलंत?" तो म्हणाला, "आत्ता गेले की. भिंतीला धरून. मी म्हटलं, बरे झाले वाटतं आजोबा." बरे झाले म्हणे. माणसाच्या तोंडात टाचण्या असल्या की डोक्यात काही जात नाही.

रस्त्याच्या टोकाला टपालपेटी आहे. तिथे उभे होते, पेटीवर कपाळ टेकवून. हातात काही नाही. सगळी पाकिटं आत.

मी नको नको ते बोलले. भररस्त्यात. हे म्हणाले, "हं." धरून आणलं, एकेक पायरी. जिन्यात मी ह्यांना आधार देत होते की हे मला, ते सांगता येणार नाही.

सोमवार, २३ तारीख

पोस्टमनने गठ्ठा आणून दिला. पत्ता आमचाच होता ना सगळ्यांवर, दुसरीकडे नेणार कुठे? हा नवा आहे, ह्यांना ओळखत नाही. म्हणाला, "आजी, नळाच्या तिकिटावर पत्र जात नाही. साहेबांनी बघितलं असतं तर चौकशी लागली असती. पण शिक्के काय मारलेत हो! आमच्याकडे असा एक जण मारत नाही."

म्हटलं, ते राहू दे. पेटीत टाकताना कुणी बघितलं का ह्यांना?

"नाही. का?"

का ते त्याला काय सांगू? दोन दिवस तेच डोक्यात फिरतंय. तो गेल्यावर मी एक पाकीट घेऊन पेटीपाशी गेले. पेटीच्या तोंडाला लोखंडी झडप आहे, घट्ट, माझ्या खांद्याच्या उंचीला. एका हाताने झडप उचलून त्याच हाताने पाकीट आत घालून पाहिलं. झडप पडते. कोपराने उचलून पाहिली. दातात पाकीट धरून पाहिलं. बोट चेमटलं. बस थांब्यावरची माणसं टक लावून बघत होती, म्हटलं बघा, फुकट आहे.

एका हाताने होत नाही. कसंही केलं तरी होत नाही.

पण मी बघितलं नाही. कुणीतरी वाटेने जाणाऱ्याने मदत केली असेल तर? घरी येऊन ह्यांना विचारलं, "कुठल्या हाताने टाकली?" म्हणाले, "हं."

मंगळवार, २४ तारीख

पटकन लिहून घेते. यंत्र गरम होतंय.

हाताची बाई सकाळीच आली. चेंडू काढला. पलंगाखाली. मी शिक्के दाखवले, तिने पट्टी पाहिली आणि म्हणालीच, "बांधलेलं म्हणजे धरलेलं नाही ना आजी." मग वहीत काहीतरी खरडत म्हणाली, "उद्यापासून डाव्या हाताने चमचा सुरू करू."

"चला खाली," मी म्हटलं.

"कुठे?"

"पेटीपाशी. वही ठेव ती."

ती तयार नव्हती, हे तयार होते. टोपी घातली डाव्या हाताने. जिना उतरलो, मी पुढे, ती मागे. पेटीपाशी ह्यांच्या उजव्या हाताला पाकीट टेकवलं. बोटं मिटलेली. बाई माझ्याकडे बघून मान हलवायला लागली. तिला म्हटलं, मान नंतर हलव.

ह्यांनी डाव्या हाताने झडप उचलली. मग उजवा अंगठा हलला. बाजूच्या बोटापासून सुटला, पाकिटाचा कोपरा आत गेला, आणि अंगठा त्यावर बसला. हात वर जायला लागला. इतका हळू की मला तो खालून ढकलावासा वाटत होता. मी माझे हात पदरात गुंडाळून ठेवले. पाकीट झडपेच्या बाजूला आपटलं. परत आणलं. खाली आपटलं. मग गेलं आत, अर्धं. आणि तिथे ह्यांनी सोडलं. कुणी सोडवलं नाही. सोडलं.

आत पडल्याचा आवाज आला. पाकीट रिकामं होतं, तरी आला.

बाई नाक पुसत होती, तिला सर्दी आहे. हे पेटीपाशीच उभे, झडप डाव्या हाताने तशीच वर धरून, आणि उजवा हात माझ्यापुढे केलेला. पुढचं द्या म्हणून.

माझ्याकडे पुढचं नव्हतं. एकच नेलं होतं मी.

"अहो, थांबा तिथेच," म्हटलं, आणि वर आले. किटल्या छापायला लावल्यात. सून कापायला बसलीय. खिडकीतून दिसतायत दोघं, बाई ह्यांना बाकावर बसवायला बघतेय आणि हे बसत नाहीत, हात तसाच पुढे.

पान निघालं. जाते.